रुपयामागे अर्धा आणा

नागपूरहून पूर्वेस हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग मागे पडले, की भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दृष्टीस पडू लागतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून हा कारखाना जन्मास आला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याभोवती जे शहर वसले त्यात आखीव रस्त्यांचे सेक्टर आहेत. आणि त्यांच्याबरोबरच, पॉवर हाउस स्थानकापासून फार दूर नसलेली, खुर्सीपार नावाची कामगारांची दाट वस्तीही आहे. आंध्र, ओरिसा, बिहार, विदर्भ आणि खुद्द छत्तीसगडची खेडी, अशा अनेक मुलखांतून पोटामागे आलेली माणसे भिलाईच्या अशा वस्त्यांतून शेजारी-शेजारी राहिली. मराठी माणसाला हा प्रदेश परका नव्हे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले येथेच रतनपुरास राहून कारभार पाहत असत, आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर हीच होती.

आज ह्या वस्तीतील कामगाराची मजुरी बँकेतील खात्यात जमा होते आणि पत्त्याच्या पानाहूनही लहान अशा एका कार्डाने ती बाहेर काढता येते. कार्ड हरवले, मोडले, त्याची मुदत संपली किंवा ते यंत्राने गिळले, तर नव्या कार्डासाठी अर्ज करावा लागतो. अनेक बँका ह्या बदली कार्डासाठी दोनशे-तीनशे रुपये आणि त्यावर १८ टक्के कर घेतात. शिवाय वार्षिक शुल्क असते, आणि ठरावीक वेळांहून अधिक वेळा पैसे काढले तर त्याचेही शुल्क असते. ह्या रकमा स्वतंत्रपणे पाहिल्या तर लहान आहेत. परंतु घाम गाळून मिळवलेली मजुरी हाती पडण्यासाठी मजुरानेच पुन्हा काही मोजावे की काय, हा प्रश्न लहान नाही, आणि तो नवाही नाही. त्याचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो.

१८८४ साली 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज सरकारकडे धाडला. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, जखमी कामगाराला पगार, ह्या त्यातील मागण्या पुष्कळांना ठाऊक असतात. त्याच अर्जातील एक मागणी मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती अशी, की एका महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी. म्हणजे काम करूनही पैसा वेळेवर मिळेल याची तेव्हा शाश्वती नव्हती. मजुरी अडकली, की वाणी उधारीचा भाव वाढवी आणि सावकार व्याज लावी. मजुरीचा आकडा तोच राहिला तरी तिची खरेदीची शक्ती वाटेतच झिजून जाई.

ही झीज किती होती ते पुढे अधिकृतपणे मोजले गेले. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाचे अध्यक्ष व्हिटली होते, आणि त्याच्या सदस्यांत नारायण मल्हार जोशी हेही होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने म्हटले, की बहुतेक औद्योगिक शहरांतील निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दाराशी दंडुका घेऊन उभा राहणारा सावकार आयोगाच्या इतका डोळ्यांत खुपला, की वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणे हा गुन्हाच ठरवावा, अशी शिफारस त्याने केली.

ह्या अहवालाच्या पाठोपाठ १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. कायदा कोरडा दिसतो, पण त्याचे प्रत्येक कलम कोणा ना कोणा मजुराच्या गाऱ्हाण्यातून उतरलेले आहे. हजाराहून कमी माणसे असतील तेथे सातव्या दिवसाच्या आत आणि इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत मजुरी द्यावी. ती चालू नाण्यात अथवा नोटांत द्यावी. धान्य, कापड किंवा दुकानाची चिठ्ठी चालणार नाही. कायद्यात सांगितल्या आहेत तेवढ्याच कपाती कराव्यात. आणि दंड करावयाचाच झाला, तर तो त्या मुदतीच्या मजुरीवर रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा, त्याची नोंद वहीत व्हावी, आणि ती रक्कमही कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावी. अर्धा आणा म्हणजे रुपयाचा बत्तिसावा भाग, शंभरास सव्वातीनच्याही किंचित खाली. चूक करणाऱ्या कामगाराच्या मजुरीलाही ह्यापलीकडे हात लावता येणार नाही, अशी ती मर्यादा होती. हा बत्तिसावा हिस्सा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा देशातील कारखान्यांत पगाराचा दिवस म्हणजे खिडकीचा दिवस असे. कारकून नाव पुकारी, कामगार सही किंवा अंगठा करी आणि नोटा मोजून घेई. ह्या पद्धतीत धोके होतेच. खिडकीपासून घरापर्यंतच्या वाटेवर दारूचा गुत्ता होता, सावकार होता, खिसेकापू होता. तथापि मजुरी हातात घेण्यासाठी कामगाराला एक पैसाही द्यावा लागत नव्हता. हिशेब ठेवण्याचा, रोकड आणण्याचा आणि पहाऱ्याचा खर्च मालकाचा होता. आणीबाणीच्या काळात, १९७५-७६ साली, कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराची लेखी संमती असेल तर धनादेशाने किंवा खात्यात जमा करून पगार देण्याची मुभा मिळाली. संमतीची ही अट चाळीस वर्षे टिकली. नोटाबंदीनंतर, २८ डिसेंबर २०१६ पासून, ती काढून टाकण्यात आली. मजुरी खात्यात द्यावी की हातात, हे कामगाराला विचारण्याचे कारण तेव्हापासून उरले नाही.

आता जी मजुरी खात्यात पडली ती बाहेर कशी यावयाची, हा दुसरा भाग. कागदाच्या अथवा कार्डाच्या तुकड्यावर दूरदेशी पैसे मिळावेत ही कल्पना आपल्याकडे पाश्चात्त्यांनी आणली असे समजण्याचे मुळीच कारण नाही. पेशवाईत पुण्याचा सावकार नागपूरच्या किंवा काशीच्या आडत्यावर हुंडी लिही आणि ती तेथे वटे. दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी, ठरल्या मितीस द्यावयाची ती मुदती. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला मिळत, आणि शहाजोग हुंडीचे पैसे केवळ पेठेत पत असलेल्या शहाला मिळत. शहाजोग हुंडीची मातब्बरी अशी, की ती पुढे चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसे उचलणारा शहा ते व्याजासह परत करण्यास बांधलेला असे. ह्या सेवेबद्दल सावकार जो मोबदला घेई त्याला हुंडणावळ म्हणत. तो गावोगाव आणि दिवसागणिक बदले. ज्या गावी पैशाची ओढ जास्त तेथे तो चढे. शिवाय नाण्यांवर बट्टा असे, कारण एका पेठेचा रुपया दुसऱ्या पेठेत पुऱ्या मोलाने चालेलच असे नाही. मराठीत हुंडणावळ हा शब्द आजही परकीय चलनाच्या संदर्भात जिवंत आहे.

हुंडी हरवली तर काय होई, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. तिच्या बदली एक दुसरा कागद मिळे, त्याला पेठ म्हणत. मूळ हुंडीचे पैसे दिले नसतील तर ह्या पेठीवर द्यावेत, दिले असतील तर ही रद्द समजावी, असा त्याचा मजकूर असे. पेठही गहाळ झाली तर परपेठ निघे, आणि तीत आधीच्या दोहोंचा हवाला असे. ह्या रचनेमागे एक पक्की समजूत होती. कागद हरवला म्हणून कर्ज बुडत नाही. सावकाराने पैसे घेतले आहेत, तेव्हा पुरावा पुन्हा तयार करून देणे हे त्याच्याकडे लागते. आजच्या बदली कार्डाची पूर्वज शोधावयाची तर ती ह्या पेठीतच सापडेल. फरक एवढाच, की हुंडी वापरणारे बहुधा पेढीवाले आणि मोठे व्यापारी होते. त्यांना सावकाराशी बरोबरीने बोलता येत होते. शेतमजुराचा किंवा विणकऱ्याचा हुंडीशी संबंध क्वचितच येई.

यंत्राने पैसे देण्याची सुरुवात २७ जून १९६७ रोजी लंडनजवळच्या एनफील्ड येथे बार्कलेज बँकेच्या शाखेत झाली. त्या यंत्राचा कर्ता जॉन शेफर्ड-बॅरन हा जन्माने आपल्या शिलाँगचा. त्याच्या यंत्रात कार्ड नव्हतेच. किंचित किरणोत्सारी शाई लावलेला कागदी धनादेश यंत्रात घालावयाचा, गुप्त क्रमांक द्यावयाचा आणि दहा पौंड घ्यावयाचे. कागद आतच राही. क्रमांक सहा आकडी ठेवण्याचा त्याचा विचार होता, परंतु पत्नीला चारच आकडे लक्षात राहत म्हणून तो चारांवर आला, असे तो स्वतः सांगत असे. तोच चार आकड्यांचा क्रमांक आज खुर्सीपारच्या कामगारालाही पाठ करावा लागतो. पुढे चुंबकीय पट्टीचे कार्ड आले. ती पट्टी कार्डावर बसवण्याची युक्ती आयबीएमचा अभियंता फॉरेस्ट पॅरी याला पत्नीच्या कपड्यांच्या इस्त्रीने साधली अशी हकीकत आहे. ह्या यंत्राच्या इतिहासात गृहिणींचा वाटा असा दोनदा येतो.

भारतात पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत लागले. आरंभी ज्या बँकेचे कार्ड, तिच्याच यंत्रात ते चाले. भारतीय बँक संघाने १९९७ साली मुंबईत 'स्वधन' नावाचे सामायिक जाळे उभारले, परंतु ते २००३ च्या अखेरीस बंद पडले. २००४ साली हैदराबादच्या संस्थेने राष्ट्रीय जोडणी सुरू केली, आणि २००९ च्या अखेरीस ती राष्ट्रीय देयक महामंडळाकडे आली. तेव्हापासून एका बँकेचे कार्ड दुसरीच्या यंत्रात सर्रास चालू लागले. असे झाले, की कार्डाची बँक यंत्राच्या बँकेला दर व्यवहारामागे ठरीव रक्कम देते. ही रक्कम पूर्वी १५ रुपये होती, १ ऑगस्ट २०२१ पासून १७ आणि १ मे २०२५ पासून १९ झाली. जुन्या आडत्याची हुंडणावळ ती हीच. यंत्र ठेवण्यास जागा, वीज, रोकडीची गाडी आणि पहारेकरी लागतो हे खरे आहे, आणि तो खर्च कोणीतरी सोसावयास हवा हेही खरे आहे. वाद आहे तो कोणी सोसावा याबद्दल.

रिझर्व्ह बँकेचे धोरण ह्या बाबतीत हेलकावे खात गेले. १ एप्रिल २००९ पासून कोणत्याही बँकेच्या यंत्रातून पैसे काढणे निःशुल्क झाले. सहा महिने लोटले नाहीत तोच, ऑक्टोबरात, परक्या यंत्रावर महिन्याला पाचच वेळा अशी मर्यादा आली. १ नोव्हेंबर २०१४ पासून मुंबई-दिल्लीसारख्या सहा महानगरांत परक्या यंत्रावर तीन वेळा, इतरत्र पाच वेळा आणि स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर पाच वेळा अशी विभागणी झाली. भिलाई महानगर नसल्यामुळे तेथे पाचांचा नियम. त्यापुढे प्रत्येक वेळी २० रुपये, २०२२ पासून २१ आणि १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क घेता येते, कर निराळा. यंत्र बिघडले किंवा त्यात नोटा नसल्या तरी तो व्यवहार मोजणीत धरला जाई, ह्या गाऱ्हाण्याचा निकाल लागावयास ऑगस्ट २०१९ उजाडला. असे फसलेले व्यवहार आणि स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर नुसती शिल्लक पाहणे मोजू नये, असा खुलासा तेव्हा रिझर्व्ह बँकेने केला. खात्यातून पैसे वजा झाले पण नोटा आल्या नाहीत, तर पाच दिवसांत परत न केल्यास पुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, हा नियमही त्याच वर्षीचा.

महिन्याकाठी दहा वेळा पैसे काढता येतात, मग गरिबाचे अडते कोठे, असे कोणी विचारील. जो मासिक पगाराचा माणूस आहे त्याचे अडत नाही. ज्याची मजुरी आठवड्याला जमा होते, जो घरात रोकड ठेवण्यास भितो आणि लागतील तसे दोनशे, पाचशे काढतो, त्याचे अडते. हिशेब करून पाहावा. २३ रुपये आणि त्यावरील कर मिळून २७ रुपये १४ पैसे होतात. पाचशे रुपयांवर १९३६ च्या कायद्याचा अर्धा आणा लावला तर १५ रुपये ६२ पैसे येतात. एका वेळी सुमारे ८६८ रुपयांहून कमी रक्कम काढणारा माणूस, तेवढ्या रकमेपुरते बोलावयाचे तर, एकेकाळी चुकार कामगारावर करता येणाऱ्या दंडाहून अधिक भरतो. ही तुलना काटेकोर नाही. दंड साऱ्या मजुरीवर मोजला जाई आणि शुल्क एका वेळच्या रकमेवर पडते. परंतु एक गोष्ट तीत उघड होते. दंडाला कायद्याने मजुरीच्या प्रमाणाची मर्यादा घातली होती. शुल्काला प्रमाणच नाही. पाचशे काढणारा आणि दहा हजार काढणारा सारखेच देतात.

सर्वांत खेदजनक प्रकरण घडले ते अगदी गरिबांसाठी काढलेल्या खात्यांवर. किमान शिलकीची अट नसलेली मूलभूत बचत खाती रिझर्व्ह बँकेने २०१२ साली सुरू केली. २८ ऑगस्ट २०१४ रोजी आलेल्या जनधन योजनेने ती कोट्यवधी घरांत नेली आणि प्रत्येकाला रुपे कार्ड दिले. त्या कार्डाबरोबर अपघात विमाही आला, मात्र तो मिळण्यास कार्ड ठरावीक दिवसांत एकदा तरी वापरलेले असावे लागते. ह्या खात्यांतून महिन्याला चार वेळा पैसे काढणे निःशुल्क होते. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशिष दास यांनी आकडे तपासले तेव्हा असे दिसले, की भारतीय स्टेट बँक चारांपुढच्या प्रत्येक व्यवहाराला, मग तो दुकानात कार्डाने केलेला चाळीस रुपयांचा सौदा का असेना, १७ रुपये ७० पैसे आकारीत होती, आणि २०१५ ते २०२० ह्या काळात सुमारे १२ कोटी खात्यांतून अशा रीतीने ३०० कोटींहून अधिक रुपये गोळा झाले होते. रोकड सोडा आणि कार्डाने व्यवहार करा, हा उपदेश ज्या वर्षांत राष्ट्राला केला जात होता, त्याच वर्षांत तो उपदेश ऐकणाऱ्या गरिबाला ही पट्टी भरावी लागत होती. ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जानेवारी २०२० नंतर घेतलेले असे शुल्क परत करण्यास बँकांना सांगितले. त्याप्रमाणे स्टेट बँकेने सुमारे ९० कोटी रुपये परत केले. त्या तारखेआधीचे १६४ कोटी राहिले, ह्याकडे दास यांनी पुन्हा लक्ष वेधले.

कार्डे बदलण्याचे प्रसंगही ग्राहकाच्या हातून हरवल्यामुळेच येतात असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती चोरांच्या हाती लागल्याचे उघड झाले आणि लाखो कार्डे बँकांनी आपण होऊन बंद केली. ज्यांना बातमी ठाऊक नव्हती त्यांना ती यंत्रापुढे उभे राहिल्यावर कळली. पुढे ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. बँकेच्या जोडणीत शिरून चोरांनी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांतून आणि देशातल्या देशात कोल्हापूरसारख्या शहरांतूनही पैसे काढले. हाँगकाँगला वळवलेली रक्कम धरून एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी संस्था. तेथे लुटले गेले ते बँकेचे पैसे, ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही. परंतु चुंबकीय पट्टीची नक्कल करणे किती सोपे आहे हे साऱ्या महाराष्ट्राला दिसले. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पट्टीची कार्डे काढून चिप असलेली द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आधीच होता. बऱ्याच बँकांनी ती विनामूल्य दिली. मात्र ज्याचा पत्ता जुना, ज्याची खोली भाड्याची आणि ज्याचा भ्रमणध्वनी क्रमांक बदललेला, त्याचे टपाल परत गेले आणि कार्ड शाखेत पडून राहिले. एक दिवसाची मजुरी बुडवून शाखेत जाणे, हा खर्च कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

हरवलेल्या किंवा नक्कल झालेल्या कार्डाची जोखीम कोणाची, ह्या बाबतीत मात्र शहाजोग हुंडीच्या न्यायाकडे थोडेसे परत येणे घडले. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवले, की तिसऱ्याच कोणाच्या लबाडीने पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे काहीही नुकसान होऊ नये. आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. गुप्त क्रमांक त्याने स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल तर मात्र हे संरक्षण नाही.

ही शेवटची अट कंत्राटी मजुराच्या मुळावर येते. देशातील अनेक औद्योगिक भागांतून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली आहे. मुकादम मजुराचे खाते उघडून देतो आणि कार्ड व क्रमांक स्वतःपाशी ठेवतो. कागदोपत्री किमान वेतन पुरते जमा होते, मग मुकादम यंत्रातून ते काढतो आणि ठरलेला हिस्सा कापून उरलेले मजुराच्या हातावर ठेवतो. तपासनिसाला बँकेचा उतारा निर्दोष दिसतो. १९३१ च्या आयोगाने पाहिलेला दंडुकेवाला निदान दाराशी उभा असे आणि सर्वांना दिसे. भिलाईला मजुरीच्या ह्या झगड्याची ओळख पुरेशी कडू आहे. कंत्राटी कामगारांच्या वेतनासाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची ह्याच शहरात २८ सप्टेंबर १९९१ रोजी झोपेत गोळी घालून हत्या झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन अनेक जण प्राणास मुकले.

१९३६ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी इतिहासजमा झाला आणि त्याची जागा वेतन संहितेने घेतली. नाणी, नोटा, धनादेश, खात्यातील जमा आणि विद्युत-माध्यम ह्यांपैकी कोणत्याही मार्गाने मजुरी द्यावी, असे तीत म्हटले आहे. मालकाने कोणत्या कपाती कराव्यात आणि त्या एकंदरीत किती असाव्यात, याच्या मर्यादा तीतही घातलेल्या आहेत, आणि दंड मजुरीच्या तीन टक्क्यांहून अधिक नसावा हा जुना दंडक जवळजवळ तसाच राहिला आहे. मजुरी एकदा खात्यात पोचली, की संहितेचे काम संपते. तेथून हातापर्यंतच्या अंतराचा दर बँकेच्या दरपत्रकात पाहावयाचा असतो, आणि ते शाखेच्या भिंतीवर, बहुधा इंग्रजीत आणि हिंदीत, लावलेले असते.